हलकं विमान सात मिलिमीटरने लांब

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. आजपासून लिहिण्यासारखं काही घडणार आहे म्हणून.

विमान संग्रहालयाच्या मॅडमनी होकार दिला. एक काचेचं कपाट पूर्णपणे माझ्या ताब्यात. विषय: हलकी आणि जड लढाऊ विमानं आणि हवेतल्या हवेत मारा करणारी त्यांची क्षेपणास्त्रं. मॉडेल्स मी जोडायची, फलक मी लिहायचा. २३ तारखेला उद्घाटन. कपाट पसंत पडलं तर नोकरी पक्की. हुद्दा: प्रदर्शन-लेखक. घरी येताना हा शब्द मोठ्याने म्हणून पाहिला. पुढे चालणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं आणि पर्स दुसऱ्या हातात घेतली.

नाही जमलं तर ३ मार्चपासून छोटूच्या फरशीच्या दुकानात. बायकोला तसं कबूल केलं आहे. छोटू म्हणजे माझा धाकटा मेहुणा. वजन शंभर किलोच्या पुढे, पण घरात अजून छोटूच. कबुलीच्या वेळी तो सोफ्यावर हजर होता. म्हणाला, दाजी, तुमची खुर्ची तयार आहे, टेन्शन नका घेऊ. टेन्शन त्या खुर्चीचंच आहे.

पंपाच्या कंपनीत सोळा वर्षं माहितीपुस्तिका लिहिल्या. ‘पंप कोरडा चालवू नये’ हे वाक्य माझं. कंपनीने विभाग बंद केला त्याला आठ महिने होत आले. बायको लॅबमध्ये दोन-दोन पाळ्या करते, रक्त काढते, घरी येऊन बोटं चोळत बसते. खाली वॉचमन रोज विचारतो, साहेब, आज सुट्टी का? रोज हो म्हणतो.

संकल्प: तपासल्याशिवाय एक शब्दही लिहायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही किट आणली. जड विमान: दोन इंजिनं, दोन शेपट्या. हलकं: एक इंजिन, एक शेपटी. हलक्याचं खोकं चांगलं मोठं आहे. दुकानदार म्हणाला, साहेब, सध्या हेच शिल्लक आहे.

खोक्यांवर प्रमाण छापलेलं असतं. जडवर एकास बहात्तर, म्हणजे खऱ्याहून बहात्तरपट लहान. हलक्यावर एकास अठ्ठेचाळीस. इथे क्षणभर थबकलो. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं, मी शांतपणे विचार केला. मला या विमानांची तुलना खऱ्या विमानांशी करायची नाही. एकमेकांशी करायची आहे. दोन्ही माझ्याच टेबलावर असणार. मग प्रमाणाचा प्रश्न येतो कुठे?

खोकी रद्दीत दिली. जेवणाच्या टेबलावर पसारा होतो अशी बायकोची तक्रार होतीच.

८ फेब्रुवारी, शनिवार

जोडकाम सुरू. बोटाला बोट चिकटलं. सुटलं.

अभ्यासही चालू. जड विमानाचं नाक मोठं, म्हणून नाकात रडार मोठं, म्हणून शत्रू लांबून दिसतो. पोटात इंधन भरपूर. उंचावरून आणि वेगात असताना सोडतं, म्हणून तेच क्षेपणास्त्र जास्त लांब जातं. हलकं स्वस्त, चपळ, शत्रूला उशिरा दिसतं, एका जडच्या खर्चात दोन येतात.

जड म्हणजे छोटू. हलकं म्हणजे मी. हे फलकावर नको.

क्षेपणास्त्रं मुख्यतः दोन प्रकारची. आखूड पल्ल्याचं शत्रूच्या इंजिनाच्या उष्णतेमागे धावतं. लांब पल्ल्याचं रडारच्या सांगण्यावरून जातं. आणि प्रत्येकाचं एक अंतर असतं, त्याच्या आत सापडलेलं विमान कितीही वळलं, कितीही गिरक्या घेतल्या तरी सुटत नाही. हे बायकोला जेवताना समजावून सांगितलं. म्हणाली, कळलं. म्हणजे तीन मार्च.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही विमानं उभी. शेजारी-शेजारी ठेवून पट्टी लावली.

जड: साडेतीस सेंटिमीटर. हलकं: एकतीस पूर्णांक दोन.

पुन्हा मोजलं. पट्टी बदलून मोजलं. शिंप्याकडची टेप मागून आणली. हलकं विमान सात मिलिमीटरने लांब!

सगळी पुस्तकं सांगतात की जड विमान खूपच मोठं असतं. मी पूर्वग्रहदूषित आहे का, असं स्वतःला विचारलं. अर्धा तास बाल्कनीत उभं राहून प्रामाणिकपणे तपासलं. नाही. पुस्तकं एकमेकांची नक्कल करतात. पट्टी कोणाची नक्कल करत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

बायको भाजी चिरता चिरता विमानांकडे बघत होती. म्हणाली, अरे, या हलक्यातला पायलट त्या जडमधल्याच्या काकासारखा दिसतो. केवढा थोराड आहे. मी हसलो. तिला विमानांतलं काय कळतं? पण किती दिवसांनी ती घरात काही गमतीचं बोलली. बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा शोध कालच्याहून मोठा. (परवाच्याहून. काल काही केलं नाही. डोकं दुखत होतं.)

दोन्ही किटमध्ये एकाच नावाचं क्षेपणास्त्र आहे. जडच्या पंखाखालचं भरलं पाच सेंटिमीटर. हलक्याच्या पंखाखालचं साडेसात. म्हणजे नाव एक, पण माल वेगळा. हलक्या विमानाला लांब क्षेपणास्त्र देतात, आणि लांब क्षेपणास्त्राचा पल्ला लांब असणारच. या गोष्टीकडे आजवर कोणाचंच लक्ष गेलं नाही. सगळे जडच्या दोन इंजिनांनी दिपले. छोटूच्या दोन गाड्यांनी सासरची माणसं दिपली तशीच.

फलकासाठी आधी ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ असं शीर्षक सुचलं होतं. रद्द केलं. मूर्ती लहान नाहीच.

नवं शीर्षक: ‘हलकं की जड? एका गैरसमजाचा अंत’.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फलक मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. म्हणाल्या, मला यातलं फारसं कळत नाही हो, माझा विषय नाणी, इथे बदली झाली म्हणून आले. पण तुमची भाषा किती नेमकी आहे. हे सगळं तपासलंय ना?

म्हटलं, स्वतः मोजलंय.

तेवढ्यावर छपाईला गेला. तीन फूट बाय दोन फूट. ‘आकारात म्हणण्यासारखा फरक नसतो’ हे वाक्य ठळक.

उद्घाटनाला एक निवृत्त लढाऊ वैमानिक येणार आहेत. त्यांनी दोन्ही प्रकारची विमानं चालवली आहेत. उत्तम. जाणकार माणूस हवाच होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोने लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं की मी संग्रहालयात आहे. ‘लागलाय’ असंच म्हणाली. मी म्हटलं, अगं, अजून पक्कं नाही. म्हणाली, होईल रे. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी विचारलं आणि मला विषय बदलावा लागला नाही.

वॉचमनने विचारलं, साहेब, आज सुट्टी का? म्हटलं, नाही. तो गोंधळला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

छोटू आला. सोफा खाली गेला. विमानांकडे बघून म्हणाला, दाजी, यातलं मोठं कुठलं? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. वीस मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाला, म्हणजे दोन्ही सारखीच? मग लोक दोन-दोन प्रकार घेतात कशाला? आमच्याकडे तर गिऱ्हाईक एकच प्रकार घेताना रडतं.

अडाणी प्रश्न. तरी दिवसभर डोक्यात राहिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बायकोने काकाचा विनोद लॅबमधल्या मैत्रिणीलाही सांगितला म्हणे. विनोद म्हणून ठीक आहे, पण उद्घाटनाला ती मैत्रीणही येणार. उगाच शंका नको. म्हणून पायलट मोजून एकदा विषय मिटवायचं ठरवलं.

भिंग आणि पट्टी, पायलटवरच्या पारदर्शक घुमटाच्या बाहेरून. हलक्यातला पायलट खरंच मोठा. जडमधला लहान. म्हटलं, माणसं लहान-मोठी असतात. तरी काटेकोरपणा म्हणून दोघांची खरी उंची काढू. मोठ्याला अठ्ठेचाळीसने गुणलं. लहानाला बहात्तरने.

उत्तर एकच आलं. पुन्हा गुणलं. एकच.

दोघं एकाच मापाचे आहेत. म्हणजे हलकं विमान बहात्तरपट नाही, अठ्ठेचाळीसपटच लहान केलेलं आहे. म्हणजे खरं जड विमान बावीस मीटरचं आणि खरं हलकं पंधराचं. म्हणजे क्षेपणास्त्र एकच. म्हणजे पुस्तकं बरोबर.

पेन खाली ठेवलं. पाणी प्यायलो. पेला धुऊन ठेवला.

बायको आतून म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही. खरं तर सांगायला हवं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संकल्प: आज मॅडमना सगळं खरं सांगायचं.

गेलो. त्या पडदे निवडत होत्या. निळा की करडा, म्हणून मलाच विचारलं. करडा म्हटलं. मग म्हटलं, मॅडम, थोडं बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, मलाही. तुमच्यासारखा काटेकोर माणूस मिळाला हे आमचं भाग्य, असं मी पाहुण्यांना फोनवर सांगितलंय. तुमच्या नेमणुकीचं वरही बोलून ठेवलंय. तुम्ही काय म्हणत होता?

म्हटलं, करडाच घ्या.

किटच्या दुकानात गेलो. एकास बहात्तरचं हलकं विमान हवं. दुकानदार म्हणाला, मागवायला लागेल, पुढच्या महिन्यात येईल. तेव्हाच बघून घ्यायचं ना साहेब, खोक्यावर लिहिलेलं असतं की.

मी पाहिलं होतं. एवढंच नाही, त्यावर विचारही केला होता. मूर्ख माणसाला निदान म्हणता येतं की पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार

उपाय सापडला. चूक ओळखू येते ती पायलटमुळे. पायलट काढला की झालं. रिकामं विमान उभं असू शकतं. पायलट चहाला गेला असेल.

प्लास्टिकचा घुमट मीच चिकटवला होता, आणि चांगला चिकटवला होता. सुरी लावली. घुमट तडकला. पायलट कमरेपर्यंत बाहेर आला, पाय आत राहिले.

संध्याकाळी

अर्धा पायलट परत बसवता येत नाही. घुमटाला टूथपेस्ट घासून पाहिली. तडा तसाच, आता वासही येतो. घुमटावर कापडाचा तुकडा टाकला. ‘देखभालीसाठी झाकलेले’ अशी चिठ्ठी लावली.

कापड बायकोच्या ओढणीचं आहे. हे तिला सांगितलं नाही. आता न सांगितलेल्या गोष्टी दोन झाल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कपाट लावलं. आणि एक शास्त्रीय गोष्ट लक्षात आली: लांबची वस्तू लहान दिसते. जड विमान पुढे, काचेला चिकटून. हलकं अगदी मागे. समोर उभं राहिलं की हलकं बऱ्यापैकी हलकं दिसतं. जितकं मागे ढकलावं तितकं खरं. नाक मागच्या भिंतीला टेकेपर्यंत ढकललं.

मग फलक आला. तीन फूट बाय दोन फूट. ‘आकारात म्हणण्यासारखा फरक नसतो.’ आणि खाली माझ्याच मेहनतीने फरक दिसतोय. म्हणजे कपाट खरं बोलायला लागलं तसा फलक खोटा पडला. फलक खरा ठरवायचा तर कपाट पुन्हा खोटं करावं लागेल. आगीतून फुफाट्यात.

हलकं विमान पुढे आणलं. मागे नेलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. मॅडम दारातून म्हणाल्या, अहो, पुरे आता, किती बारकाईने बघता! डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, तळमळ.

तेव्हा सांगता आलं असतं. फक्त दोघंच होतो. पण मला बायकोचं ‘लागलाय’ ऐकू आलं. ते परत कसं घ्यायचं?

संकल्प: उद्या पाहुणे यायच्या आधी सांगायचं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाहुणे वेळेच्या आधी आले.

उंच, बारीक गृहस्थ. कडक इस्त्री, आवाज मात्र मऊ. फीत कापली. सरळ माझ्याच कपाटापाशी. बायको पहिल्या रांगेत, नव्या साडीत. लॅबमधली मैत्रीण शेजारी. छोटू मागे, पण छोटू मागे असला तरी पुढेच वाटतो. मी खांबाआड.

त्यांनी फलक शेवटपर्यंत वाचला. मग वाकून विमानं आणि त्यांचे लहान-मोठे घुमट पाहिले. मग पुन्हा फलक.

मग मॅडमना म्हणाले, मी आधी हे हलकं चालवलं, नंतर जड. दोन्हींत मीच बसायचो. माझा आकार काही बदलत नव्हता.

दोन-तीन जण हसले. बायको हसली नाही. तिने जडमधल्या पायलटकडे पाहिलं, मग झाकलेल्या घुमटाकडे पाहिलं. ओढणी ओळखली.

पुढे त्यांनी क्षेपणास्त्राचा भाग मोठ्याने वाचला. अगदी सावकाश, प्रत्येक शब्द नीट उच्चारून. माझी वाक्यं इतक्या चांगल्या आवाजात कधी कोणी वाचली नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाले, एवढं लांबलचक क्षेपणास्त्र आमच्या हलक्याला लावलं असतं तर नाकापेक्षा मोती जड झाला असता. हे सगळं कोणी केलंय?

इथे मी खांबामागून बाहेर आलो. हे लिहून ठेवतो, कारण दिवसभरात एवढं एकच बरं काम माझ्या हातून झालं. म्हटलं, मी. प्रमाणात चूक झाली. बुधवारी कळली होती.

ते म्हणाले, बुधवारी? मग आजपर्यंत काय करत होता?

म्हटलं, मागे ढकलत होतो.

कोणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर वाटलं, बायको म्हणणार, मी म्हटलं होतं ना. तिने म्हटलं नाही. रस्त्याने चालताना एवढंच म्हणाली, मला बुधवारी सांगायचं होतंस. मी तेव्हा स्वयंपाकघरातच होते.

छोटू म्हणाला, दाजी, एक सांगू? विमान मात्र एक नंबर जोडलंय. मी वाकून बघितलं, सांधा कुठे आहे तेच कळत नाही. असा हात आमच्या लाइनीत मिळत नाही.

त्याला वाटलं तो मला धीर देतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमचा फोन. फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, फलक उतरवला आहे. विमानं ठेवणार आहोत, सुंदर आहेत. फक्त वेगवेगळ्या खोल्यांत ठेवू. शेजारी-शेजारी नकोत. नोकरीचं मात्र नाही जमणार.

म्हटलं, बरोबर आहे.

विचार करता यात माझाही मुद्दा सिद्ध होतो. प्रत्येक विमान आपल्या जागी अचूकच आहे. तुलना केली की बिघडतं.

हे बायकोला वाचून दाखवणार होतो. ती पाळीवर गेली होती.

२ मार्च, रविवार

संकल्प: दुकान तात्पुरतं. फार तर दोन महिने. फरशीवर कोणी चांगली माहितीपुस्तिका लिहिलेली नाही, तिथे मला वाव आहे. तिथेही तपासल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही.

वॉचमनला आपणहून सांगितलं, उद्यापासून कामावर. म्हणाला, वा साहेब, सुट्टी संपली!

३ मार्च, सोमवार

खुर्ची खरोखर तयार होती. वर पंखा, समोर नमुन्यांची मांडणी. छोटूने सगळ्यांना ओळख करून दिली, हे आमचे दाजी, फार शिकलेले.

अकरा वाजता एक बाई आल्या. छोटू गोदामात होता. बाथरूमसाठी फरशी हवी होती. दोन नमुने हातात घेऊन म्हणाल्या, या दोन्हींत फरक काय?

घाई केली नाही. पट्टी काढली. पहिला नमुना: दहा सेंटिमीटर. दुसरा: दहा सेंटिमीटर. जाडीही तीच. उलटून पाहिले, मागे काही आकडे होते, ते बहुधा कंपनीचे. स्वच्छ मनाने सांगितलं, फक्त रंगाचा. त्या म्हणाल्या, मग ही करडी द्या. लगेच टेम्पोने पाठवली. पहिली विक्री. बायकोला फोन केला. ती म्हणाली, अरे वा. खरंच आनंद झाल्यासारखी म्हणाली.

साडेतीनला त्या बाईंचा फोन. छोटूने घेतला. बराच वेळ फक्त हो ताई, हो ताई करत होता. करडी फरशी चार फुटी निघाली. बाथरूमच्या दारात वळेना. गेली तरी आत ठेवायला तेवढी जमीन नाही.

छोटूने ते दोन्ही नमुने माझ्यासमोर ठेवले. उलटे केले. एकावर एक फूट, दुसऱ्यावर चार फूट. म्हणाला, दाजी, नमुना सगळ्याचा एवढाच असतो.

म्हटलं, मी एकमेकांशी तुलना करत होतो.

छोटू ओरडला नाही. ओरडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्याने फक्त पंखा एकने वाढवला, पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि हळू आवाजात म्हणाला, दाजी, गिऱ्हाईक मी बघतो. तुम्ही उद्यापासून फक्त बसवलेल्या फरश्यांमधल्या फटी भरा.

उद्यापासून फटी.